न जळणारी वात

१९ जानेवारी, रविवार

कृषी सेवा केंद्रवाल्यानं यंदाची डायरी आणून दिली. मला गुंठाभरही शेत नाही, पण मागच्या वर्षी त्याच्या दुकानाच्या उद्घाटनाची बातमी चार ओळींऐवजी सहा ओळींची झाली होती, त्याची ही परतफेड. प्रत्येक पानाखाली एक छापील रकाना आहे: ‘आजची फवारणी’. सव्वीस वर्षं वडवणीहून वर्तमानपत्राला बातम्या पाठवणाऱ्या माणसाला तो भरणं मुळीच अवघड नाही.

आजचा प्रसंग असा. माझा मेहुणा सोमलिंग, ज्याचं बाजारपेठेत पूजासाहित्याचं दुकान आहे, सकाळी सहालाच दारात. “दाजी, चला. चमत्कार दाखवतो.” गेलो. गल्ल्याशेजारी निरांजन तेवत होतं. म्हणे काल सकाळपासून तेवतंय. तेल तीनदा घातलं, वात मात्र तीच, आणि तेवढीच. त्यानं चिमट्यानं वात उचलून थेट गॅसच्या शेगडीवर धरली. लाल झाली, बाहेर काढली की पांढरी. काजळीसुद्धा जळून गेली.

मी पाठशाळेत आठ वर्षं घालवली आहेत. जुन्या संस्कृत कथांत अग्निशौच नावाचं वस्त्र येतं. मळलं की विस्तवात टाकायचं. मळ जळतो, वस्त्र उजळून निघतं. आम्ही ती कविकल्पना समजत होतो. ती वडवणीच्या बाजारात निघावी!

सोमलिंगला नाव काढून दिलं: अग्निशौच वात. तो म्हणाला, “दाजी, गिऱ्हाइकाला म्हणता येईल असं सांगा.” शेवटी पाकिटावर ‘अखंड वात’ छापायचं ठरलं. एक नमुना घेऊन आलो. या डायरीत खूण म्हणून ठेवला आहे.

आजची फवारणी: सरपंचांचं भाषण, पाऊण तास.

२२ जानेवारी, बुधवार

बातमी आली. पान पाच. ‘वडवणीत न जळणारी वात, भाविकांत कुतूहल’. अग्निशौचाचा परिच्छेद उपसंपादकानं चक्क ठेवला. बीडहून दोन फोन, माजलगावहून एक.

बायकोनं, म्हणजे शिवगंगानं, ती वात देवघरात लावायला साफ नकार दिला. “जळत नाही ती वात कसली? उद्या न कुजणारी फुलं आणाल.” मी शास्त्राधार देऊ लागलो तर म्हणाली, “भाजी काय करू ते सांगा.”

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन उरकून वात जिथं तयार होते तिथं गेलो. तेलगाव रस्त्याला धनगरांची वस्ती आहे, तिथं भामाबाईचं घर. भामाबाई म्हणजे आख्ख्या वस्तीत घोंगडीची लोकर कातण्यात पहिली. ओसरीत बसून चाती, म्हणजे लोकर कातायची टकळी, फिरवत होती. चातीवर लोकर नव्हती, पांढरा दोर उसवून पिंजलेला कापसासारखा पुंजका होता. सून अंजू तो दोर काठीनं बडवून सैल करत होती, आणि आणखी चार बायका सूत तोडून वाती वळत होत्या. उन्हाच्या पट्ट्यात पांढरा भुरा तरंगत होता. बायकांच्या केसांवर, भुवयांवर, पदरावर. शरदातली काशफुलं आठवली. लिहून ठेवण्याजोगं दृश्य.

“या पेपरवाले स्वामी,” भामाबाई म्हणाली. पाठशाळेत शिकलेला म्हणून वस्ती मला स्वामीच म्हणते. “तुमी छापलं आन् मपला हात मोडायची पाळी आली. सोमलिंगशेट रोज इचारतो, किती झाल्या? आरं, म्या काय मशीन हाय व्हय?”

दोर आला कुठून? याचं उत्तर खाटेवर बसलं होतं: नवरा आप्पाराव. तो इथून जवळच्याच एका कारखान्यात बायलरला होता. वाफेच्या पाइपांना पांढरा दोर गुंडाळायचा, जुना झाला की तोडून नवा गुंडाळायचा. तेवीस वर्षं. कारखाना बंद पडला तेव्हा ज्याच्या हाती जे लागलं ते त्यानं नेलं. कुणी खुर्च्या नेल्या, कुणी पंखे. आप्पारावनं आपलं कामच घरी आणलं: नऊ पोती दोर. आठ वर्षं पोती पडून होती. दिवाळीत भामाबाईनं सहज चातीला लावून पाहिलं, आणि दगडासारखा बधिर दिसणारा तो दोर सूत होऊन निघाला. त्याच्या वाती तिनंच सोमलिंगच्या दुकानात नेल्या.

आप्पाराव बोलताना दर वाक्याला थांबतो. जिने चढून आल्यासारखा. बसलेला असतो, तरी.

“दमा?” मी विचारलं.

“दाक्तर म्हन्तेत बिडी. म्या जन्मात बिडी वढली न्हाई, स्वामी. तंबाकू बी न्हाई. बीडला गेलतो, आंबाजोगाईला गेलतो, एका खाजगीत गेलतो. समदे इचारतेत, दिवसाला किती? म्या म्हन्तो, एक बी न्हाई. तर कागदावर लिवतेत, लई वढतो, खोटं बी बोलतो.” इथं तो हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. “आता वाटतंय, सुरूच करावी. निदान दाक्तर तरी खोटा पडनार न्हाई.”

अंजू यंदा ऊसतोडीला गेली नाही. घरीच काम मिळालं. बडवण्याची काठी खाली ठेवून म्हणाली, “कोयत्यापरीस हे लई हालकं.” मलाही बरं वाटलं. एका बातमीनं पाच बायकांना घरबसल्या काम मिळालं. असं समाधान वार्ताहराला क्वचित मिळतं.

आजची फवारणी: काशपुष्पांची.

२ फेब्रुवारी, रविवार

सोमलिंगला मोठी मागणी आली. महाशिवरात्रीला डोंगरावरच्या महादेवाला लक्षवात लावायची टूम निघाली आहे. एक लाख वाती, त्याही न जळणाऱ्या. पुजारी खूश, कारण एकदा लावल्या की दरवर्षी त्याच. भामाबाईच्या ओसरीत आता अकरा बायका. सगळे विधी उरकून टाकायची आपली हौस पाहता, ही वात आणखी आधी कशी निघाली नाही याचंच नवल.

गेले काही दिवस घसा खवखवतोय. हवा कोरडी. रोज डायरी उघडली की खुणेच्या वातीचा भुरा पानावर सांडलेला असतो. फुंकर मारून लिहायला बसतो. सवय झाली आहे. शिवगंगा म्हणते, दिवा विझवायला बसल्यासारखे दिसता.

९ फेब्रुवारी, रविवार

आज घरात महाभारत. पक्ष दोनच, सोमलिंग आणि त्याची मुलगी रुचिका.

रुचिका आंबेजोगाईला छातीच्या रोगांचं शिक्षण घेते. आठवडाभराची सुट्टी घेऊन आली. दुपारी आत्याच्या हातच्या धपाट्यांसाठी आमच्याकडे. मी मोठ्या अभिमानानं भामाबाईनं दिलेली वातींची पुडी तिच्यापुढं ठेवली. तिनं घास खाली ठेवला. पुडीला हात लावला नाही, ताट मात्र दूर सरकवलं.

“मामा, हे कुठून आलं?”

मी अग्निशौचापासून सुरुवात केली.

“मामा. कुठून आलं?”

बायलर म्हणताच ती उठली आणि शिवगंगाला म्हणाली, “आत्या, ओलं फडकं दे.” पुडीवर ओलं फडकं टाकलं, अलगद गुंडाळलं, पिशवीत बांधलं, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. विंचू पकडावा तसं.

“हा अ‍ॅस्बेस्टॉस आहे. दगड आहे तो मामा, धाग्यासारखा दगड. पिंजला की इतके बारीक तंतू सुटतात की डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर आत जातात आणि तिथंच बसतात. वीस-तीस वर्षांनी फुफ्फुस घट्ट व्हायला लागतं. काहींना कॅन्सर होतो. औषधानं मागं फिरवता येत नाही.”

“पण शरीर काही करत नाही का त्याचं?”

“करतं ना. संपवायला बघतं. तो संपत नाही. तुम्हीच छापलंय.”

तेवढ्यात सोमलिंग लेकीला न्यायला आला, आणि मग महाभारत. सोमलिंगचं म्हणणं, चाळीस हजार वाती तयार आहेत, आणि देवापुढं लावायच्या वस्तूत दोष कसला? “देवाला काय होतंय?”

“अण्णा, देव श्वास घेत नाही. पुजारी घेतो. आणि त्या बायका घेतात.”

सोमलिंगनं माझ्याकडं पाहिलं. “दाजी, तुमी सांगा हिला. तुमी तर शास्त्रातून सिद्ध केलंय.”

मी भाजीत मीठ कमी आहे का, असं काहीतरी विचारलं. भाजी नव्हतीच. धपाटे होते.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी रुचिकाला घेऊन भामाबाईकडं. मी ठरवलं होतं, मीच बोलेन. वस्तीत माझ्या शब्दाला मान आहे. बोललो. अदृश्य कण, श्वसनमार्ग, दीर्घकालीन परिणाम. बायका हातातलं काम न थांबवता ऐकत होत्या, कीर्तन ऐकावं तसं.

भामाबाईनं चाती एक वेढा फिरवली. “स्वामी, मागल्या म्हैन्यात तुमीच म्हन्लात, पुरानातली चीज हाय. आता म्हन्ता, इख हाय. येक काय ते ठरवून या की. लोकर कातताना बी धुराळा उडतोच. मपल्या आईनं साठ वरीस कातली. कोन मेलं?”

सगळ्या हसल्या. पाठशाळेत आम्हाला वादात हरल्यावर काय करायचं हे शिकवलं नव्हतं. गुरुजी हरतच नसत.

रुचिका मात्र बायकांकडं गेलीच नाही. खाटेजवळ उकिडवी बसली. आप्पारावनं तिला पाहताच सांगून टाकलं, “बिडी वढत न्हाई.”

“मी ते विचारलंच नाही, काका. काम काय करायचात?”

इतक्या डॉक्टरांनंतर कुणी तरी हा प्रश्न विचारला होता. तसा मीही विचारला नव्हताच. त्यानं आपणहून सांगितलं, आणि मला त्यात बातमी दिसली, खोकला दिसला नाही.

त्यानं सगळं सांगितलं. दोर तोडायचे. पाइपावर चढायचं. तोंडाला रुमाल, तोही घामानं भिजला की काढून टाकायचा. घरी आला की भामाबाई सदरा झटकून धुवायची.

“तुमच्यासोबत कितीजण होते?”

“साजन व्हतो.” म्हणजे सहाजण. त्यानं बोटं मोजायला सुरुवात केली. “धोंडीराम. त्यो गेला. सटवा गेला. नाथा गेला, परळीचा. त्यो केरबा... त्यो बी गेला. मारुती परवा दिवाळीत.” बोट करंगळीवर थांबलं. “सटवा वढायचा बिडी. त्याचं सोड. पर धोंडीराम तर माळकरी व्हता. कांदासुदीक खात न्हवता. त्याच्या बी कागदावर बिडीच व्हती.”

ओसरीत काठीचा आवाज थांबला होता. अंजूनं हातातली काठी केव्हा खाली ठेवली ते कळलं नाही.

आप्पाराव दुसऱ्या हाताच्या, सहाव्या, बोटाकडं पाहत राहिला. मग बायकोला म्हणाला, “भामे. टाक ती चाती.”

“आरं पर...”

“टाक म्हन्तो ना. त्या पोरीला इचार, कावून.”

भामाबाईनं विचारलं नाही. चाती जमिनीवर ठेवली आणि हात पदराला पुसायला निघाली. रुचिकानं धावत जाऊन तिचा हात धरला. “पदराला नको मावशी. पाण्यानं.”

११ फेब्रुवारी, मंगळवार

सामानाची विल्हेवाट. अंजूनं पहिला उपाय सुचवला: “जाळून टाकू.” भामाबाई इतकी हसली की अंगणातल्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या. “आगं, जळत न्हाई म्हनून तर ही बला गळ्यात पडली!”

रुचिकाचे नियम: झाडू मारायचा नाही, झटकायचं नाही, फुंकायचं नाही. आधी सगळं ओलं करायचं. पण आख्खी ओसरी, पोती, छपराचे वासे, हे ओलं कसं करणार? बादलीनं पाणी फेकलं तर भुरा उसळतो.

अंजूच्या नवऱ्यानं, लखननं, आतून फवारणीचा नवा पंप आणला. पाठीवरचा, सोळा लिटरचा, अजून औषध न पाहिलेला. रुचिका बघतच राहिली. म्हणाली, याहून चांगलं साधन हॉस्पिटलात नाही. तोंडाला तिनं आणलेले घट्ट बसणारे मास्क लावून लखननं आख्खी ओसरी फवारली. कपाशी फवारावी तशी, ओळीनं, काही न सोडता. मग ओलं उचलून पिशव्यांत भरलं, पिशवीवर पिशवी. कातताना नेसलेली लुगडीही त्यातच गेली. एकवीस पिशव्या सोमलिंगच्या मागच्या खोलीत कुलपात आहेत, मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावून. तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला. साहेबांनी विचारलं, “वातीच आहेत ना? मग देवळाला देऊन टाका.” अर्ज पुन्हा, अधिक सविस्तर, दिला.

सोमलिंगनं चाळीस हजार वाती स्वतः आणून दिल्या. पुजाऱ्याकडं गेलेली पाकिटंही मागून आणली. लेकीशी बोलत नाही, पण दुकानाची फरशी ओल्या फडक्यानं पुसताना मी त्याला पाहिलं आहे.

आजची फवारणी: साधं पाणी, तीन पंप. हा रकाना आयुष्यात प्रथमच खरा भरला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ही नवी वही आहे, शाळेची, दोनशे पानी.

काल रात्रीच्या जेवणाआधी रुचिका आली. मी डायरी उघडली, सवयीप्रमाणे पानावर फुंकर मारली, आणि ती जागच्या जागी उभी राहिली.

“मामा, ते काय आहे?”

“खूण.”

तिनं काय म्हटलं ते लिहीत नाही. ती माझ्यापेक्षा सत्तावीस वर्षांनी लहान आहे. सार असं: एकवीस पिशव्या बांधून आल्यावर मी बाविसावी रोज तोंडासमोर उघडत होतो. मी हातमोजे घालून पानांचे फोटो काढायची परवानगी मागितली. तिनं हातमोजे स्वतः घातले, प्रत्येक पान ओलसर फडक्यानं टिपलं आणि मला दारात उभं करून तिथून फोटो काढायला लावले. मग डायरी पिशवीत. वार्ताहराच्या लेखनाची अशी दखल आजवर कुणी घेतली नव्हती.

तीन आठवड्यांचा धोका तेवीस वर्षांपुढं फार थोडा आहे, पण थोडाही वाढवायचं कारण नाही, असं ती म्हणाली. शिवगंगा एवढंच बोलली: “मी सांगितलं होतं. जळत नाही ती वात कसली.” तिला शास्त्राधार लागला नव्हता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

खुलासा पाठवायला बसलो तर आप्पारावचा फोन. “स्वामी, त्यात येक वळ घाला. आप्पारावनं बिडी वढली न्हाई.”

बीडच्या कचेरीतून उपसंपादकाचं उत्तर: “एखादा माणूस बिडी ओढत नाही ही बातमी होत नाही.” मी म्हणालो, “एक वात जळत नाही ही झाली होती.” तेव्हा तो म्हणाला, “बरं, पाठवा. अग्निशौच नको.”

२० फेब्रुवारी, गुरुवार

आप्पारावला घेऊन आंबेजोगाईला. फोटो काढला, श्वास फुंकायला लावला. रुचिकाच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी फोटो उजेडावर धरून बोटानं दाखवलं: दोन्ही बाजूंनी खालच्या अंगाला जाळं धरलंय. बरं होणार नाही. वाढण्याचा वेग पाहत राहायचं, धुरापासून दूर, लस घ्यायची, दर काही महिन्यांनी यायचं. भामाबाईनं इतकी वर्षं सदरे धुतले, तेव्हा तिचाही फोटो. तो आज तरी स्वच्छ आहे. अंजू आणि बाकीच्या बायकांची नावं नोंदवली. त्यांच्यावर नजर ठेवायची.

मग बाईंनी कागद लिहिला. आप्पाराव म्हणाला, “वाचा.” त्यांनी वाचला: “धूम्रपान: कधीही नाही. काम: बॉयलरवर अ‍ॅस्बेस्टॉसचा दोर गुंडाळणे व काढणे, तेवीस वर्षे.” हा कागद कामगार कचेरीत दाव्याला लागेल, असं त्या सांगत होत्या. आप्पारावचं लक्ष नव्हतं.

“फिरून वाचा.”

त्यांनी फिरून वाचला.

यष्टीत रस्ताभर तो कागद त्याच्या मांडीवर होता. घाटात कुणी बिडी पेटवली. आप्पारावनं वळून पाहिलं आणि कागद उलटा केला, धूर लागू नये म्हणून.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

लक्षवात रद्द. अकराजणींनी तेलगावच्या कापसाच्या वाती वळल्या, जमतील तेवढ्या. भामाबाईचा कापसावर राग आहे. “ही काय वात हाय? बगता बगता सरती. चातीला जोर बी लागत न्हाई.” सोमलिंगनं पाकिटं पुन्हा छापली: ‘साधी वात’. खालच्या ओळीत ‘जळते’. लेकीची कल्पना. म्हणजे बोलणं सुरू झालं आहे.

सकाळी सगळे डोंगरावर. आप्पाराव दर पाच पायऱ्यांना टेकत होता. बासष्ट पायऱ्यांना एक तास. कुणी हात दिला की म्हणे, “सोडा बे, म्या काय बिडी वढनारा हाय व्हय?”

वर पोचल्यावर त्यानं भामाबाईकडून सहा वाती मागून घेतल्या. एकेक लावू लागला, नाव घेऊन. धोंडीराम. सटवा. नाथा. केरबा. मारुती. मारुतीची वात वाऱ्यानं दोनदा विझली. त्यानं तिसऱ्यांदा लावली, हाताचा आडोसा करून. पाच ज्योती.

सहावी वात हातात राहिली. पुजारी म्हणाला, “लाव की.”

“ऱ्हाऊ दे. ही मपली हाय. घाई न्हाई.”

त्यानं ती कानामागं खोचली आणि खाली उतरायला निघाला. भामाबाईनं तोंड फिरवून पदर नीट केला. बराच वेळ नीट करत होती.

अर्ध्या वाटेवर वर येणारा एक ओळखीचा भेटला. आप्पारावच्या कानाकडं बघून डोळे मिचकावले. “काय आप्पाराव! आज शिवरातीला बी कानाला बिडी?”

आप्पाराव पायरीवर टेकला. श्वास यायची वाट पाहिली. मग सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असं म्हणाला, “वात हाय बे! पेपर वाचत न्हाईस व्हय?”